दादीच्या ताटात काय असते?

घरातले वयोवृद्ध माणूस वाळत चालले की आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : "आता वय झाले." बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकू लागतात, अंगठी बोटात राहावी म्हणून तिला दोरा गुंडाळावा लागतो, ईदच्या दिवशी अब्बांची शेरवानी खांद्यावरून ओघळल्यासारखी दिसते. भेटायला आलेले नातेवाईक हळहळतात आणि जाता जाता तेच वाक्य म्हणून जातात. सूनही ते ऐकते, मुलगाही ऐकतो, आणि काही दिवसांनी ती म्हातारी स्वतःच ते म्हणू लागते.

आमचे म्हणणे असे की हे वाक्य पुष्कळ घरांत चुकीचे असते. वयाने केस पांढरे होतात, नजर मंदावते, चाल थोडी संथ होते, भूकही थोडी कमी होते. पण सहा महिन्यांत तीन-चार किलो वजन उतरणे हे नुसत्या वयाचे काम नव्हे. त्याला कारण असते. ते बहुधा शोधता येते, आणि अनेकदा ते ताटातच सापडते.

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला 'फ्रेल्टी' म्हणतात. आपण तिला वृद्धापकाळातील दुर्बलता म्हणू. २००१ साली अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती ओळखण्याच्या पाच खुणा सांगितल्या : वर्षभरात प्रयत्न न करता सुमारे साडेचार किलो किंवा अधिक वजन घटणे, सतत थकवा वाटणे, हाताची पकड सैल होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक असतील तर माणूस दुर्बल समजावा, एक-दोन असतील तर त्या वाटेवर आहे असे समजावे. या पाचही खुणा तपासायला मोठे इस्पितळ लागत नाही. बाटलीचे झाकण उघडत नाही म्हणून नातवाला हाक मारणारी नानी आणि मशिदीत जाताना वाटेतल्या ओट्यावर दोनदा टेकणारे नाना आपण रोज पाहतो.

आपल्या देशात २०१७-१८ मध्ये वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, जिला 'लासी' म्हणतात, तिच्यात साठी ओलांडलेल्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक लोक कमी वजनाचे आढळले. ही माणसे वृद्धाश्रमातली नव्हेत, घरात राहणारी आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांची मुले-सुना त्यांच्यावर जीव टाकणारी असतील. म्हणूनच हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. जिथे वृद्धांची उपेक्षा होते त्या घरांविषयी लिहिणे सोपे आहे. जिथे प्रेम आहे, वेळेवर ताट वाढले जाते, तरी माणूस वाळते, त्या घरांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

एका दिवसाचा हिशेब

एक दादी डोळ्यांपुढे आणा. वय ७५, वजन ५० किलो. फजरनंतर चहा आणि दोन बटर. दहाच्या सुमारास पुन्हा चहा, सोबत खारी. दुपारी एक चपाती, तीही पातळ डाळीत कुस्करून, कारण दाढा राहिलेल्या नाहीत. सालनातला बोटीचा तुकडा ती नातवाच्या ताटात सरकवते. असरनंतर चहा आणि बिस्किटे. रात्री चार घास मऊ भात आणि सालनाचा रस्सा. झोपताना सून विचारते, "अम्मी, पोट भरले ना?" ती म्हणते, "भरले." आणि ते खरेच भरलेले असते.

आता यातले प्रथिन मोजू. प्रथिन म्हणजे प्रोटीन. शरीर ज्यातून स्नायू बांधते तो माल. चहातल्या दुधातून चार-पाच ग्रॅम, बटर-खारी-बिस्किटांतून चार, चपातीतून तीन-साडेतीन, पातळ डाळीतून तीन, भातातून तीन-चार. सगळे मिळून वीस ग्रॅमच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे प्रमाण सांगितले, ते वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम आहे. पासष्टी ओलांडलेल्यांसाठी युरोप व अन्य देशांतील तज्ज्ञांच्या एका गटाने २०१३ साली हे प्रमाण किलोमागे १ ते १.२ ग्रॅम असावे, आणि आजारी माणसासाठी त्याहूनही अधिक असावे असे सुचवले. म्हणजे आपल्या दादीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिन हवे. तिला मिळते वीस.

वाचकांना वाटेल, म्हाताऱ्या माणसाला तरुणापेक्षा जास्त कशाला? तो काय ओझी उचलतो? प्रश्न रास्त आहे, पण शरीराचा न्याय वेगळा आहे. वय वाढले की स्नायूंना अन्नातले प्रथिन उचलणे जड जाते. तरुणाच्या शरीरात जे काम थोड्या प्रथिनावर भागते, त्यासाठी वृद्ध शरीराला अधिक लागते. ते मिळाले नाही तर शरीर आपल्याच साठ्याला हात घालते, आणि हा साठा म्हणजे मांड्यांचे, दंडाचे, पाठीचे मांस. १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग यांनी या झिजेला 'सार्कोपेनिया' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसाची कमतरता असाच होतो. मांड्या झिजल्या की खुर्चीतून उठताना हाताचा टेकू लागतो, मग रात्री न्हाणीघरात जाताना तोल जातो, मग खुब्याचे हाड मोडते. इतके झाल्यावर घरचे म्हणतात, "पडली आणि खचली." पुष्कळदा क्रम उलटा असतो. ती आधी खचली होती, म्हणून पडली.

यखनीचे पाणी आणि तळाचे मांस

दुर्बल माणसाला काय द्यावे याविषयी आपल्या घरांत काही ठाम समजुती आहेत. त्यांतली सर्वांत जुनी म्हणजे यखनी. आजारी माणसासाठी कोंबडीची यखनी उकळायची, गाळून वाटीत द्यायची आणि तळाशी राहिलेले मांस घरातल्या मुलांनी खायचे. यखनीने घशाला बरे वाटते, तोंडाला चव येते, पाणी आणि मीठ पोटात जाते, हे खरे. पण प्रथिनाचा बहुतेक हिस्सा पातेल्याच्या तळाशी राहतो. म्हणजे ज्याच्यासाठी कोंबडी आणली त्याच्या वाट्याला पाणी येते. पायाच्या सूपचेही थोडेफार तसेच. त्यातला चिकटपणा ताकदीची खूण मानला जातो. तो जिलेटिनचा असतो. जिलेटिन हेही प्रथिनच, पण अपुरे. स्नायू बांधायला लागणारे सगळे घटक त्यात नसतात. यखनी जरूर द्या. फक्त तिच्यातले मांस काढून, बारीक कुटून किंवा मिक्सरमधून फिरवून पुन्हा तिच्यातच घाला.

कोकणात यखनीच्या जागी पेज येते. घट्ट पेजेला थोडा तरी अर्थ असतो. वरचे निवळ पाणी म्हणजे जवळजवळ पाणीच. साबुदाणा निव्वळ पिष्ट आहे. ग्लुकोजची बिस्किटे नावाला भुलून घेतली जातात. हे सगळे 'हलके' अन्न आहे यात शंका नाही. पण जो माणूस स्वतःच हलका होत चालला आहे, त्याला आणखी हलके किती द्यायचे?

गंमत अशी की मऊ, चघळावे न लागणारे आणि तरीही भरदार असे एक उत्तम अन्न आपल्याच समाजात पिढ्यान्‌पिढ्या शिजत आले आहे, आणि आपण ते वर्षातून एकदा देगेत घोटून वाटतो. खिचडा. गहू, चार डाळी आणि मांस इतके शिजवायचे आणि घोटायचे की घास तोंडात विरघळावा. दात नसलेल्या माणसासाठी याहून चांगली पाककृती एखाद्या आहारतज्ज्ञालाही सुचणे कठीण. मोहरमची वाट पाहण्याची गरज नाही आणि देगही लागत नाही. एक वाटी दलिया, अर्धी वाटी मिसळलेल्या डाळी आणि पाव किलो बिनहाडाचे मांस कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देऊन शिजवावे आणि रवीने घोटावे. मिरची आणि गरम मसाला नावापुरता, आले-लसूण बेताचे, वरून चमचाभर तूप व लिंबू. यात साधारण सहा वाट्या खिचडा होतो आणि एका वाटीतून तेरा-चौदा ग्रॅम प्रथिन मिळते. आपल्या दादीला दिवसभरातला चहा, बटर, खारी, बिस्किटे आणि चपाती यांतून जितके मिळते, त्याहून थोडे अधिकच एका वाटीत. उरलेला खिचडा फ्रीजमध्ये दोन दिवस राहतो. घरात मांस रोज येत नसेल तर डाळी वाढवाव्यात आणि वाटीत एक उकडलेले अंडे कुस्करावे.

तल्बिना हे असेच दुसरे अन्न. जवाचे पीठ दुधात शिजवून, मध घालून केलेली ही खीर आजाऱ्याच्या आणि दुःखी माणसाच्या मनाला दिलासा देते, असे हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसमध्ये सांगितले आहे. एक पेला दूध आणि दोन चमचे पीठ म्हटले तर आठ-नऊ ग्रॅम प्रथिन. मधुमेह असेल तर मध वगळा, बदामाची पूड घाला.

बाकीची बेरीज अवघड नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम, दुधाच्या पेल्यात सहा-सात, घट्ट डाळीच्या वाटीत सात, मासळीच्या हातभर नव्हे तर तळहाताएवढ्या तुकडीत बारा ते पंधरा. मासळी म्हाताऱ्यांना फार मानवते, मऊ असते. मात्र मोतीबिंदू झालेल्या माणसाला काटा दिसत नाही, आणि एकदा घशात काटा अडकला की ती मासळीच सोडून देते. काटे घरच्यांनी काढून द्यावेत. भाजलेल्या चण्याची पूड दोन मोठे चमचे दह्यात किंवा दुधात मिसळली तर चार-पाच ग्रॅमची भर पडते. परदेशातून येणारे दूध पावडरचे डबे कपाटात शोभेला ठेवलेले असतात, ते उघडावेत. साय काढलेल्या पावडरचे दोन चमचे खिरीत, डाळीत, अगदी चहातही घातले तर पाचेक ग्रॅम प्रथिन कोणाच्या लक्षातही न येता पोटात जाते. महागड्या 'सीनियर' पावडरींचा खर्च परवडत नसेल तर त्याची हुरहुर बाळगू नका. डॉक्टरांनी खास सांगितले असेल तर गोष्ट वेगळी.

एक सावधगिरी मात्र इथेच सांगितली पाहिजे. मूत्रपिंडाचा विकार असेल, क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर प्रथिन किती द्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आणि ज्या माणसाने आठ-दहा दिवस जवळजवळ काहीच खाल्लेले नाही, त्याला एकदम भरपूर खाऊ घालू नये. अशा वेळी रक्तातले क्षार अचानक घसरतात आणि जिवावर बेतू शकते. त्याची सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या थोड्या अन्नाने व्हावी.

पथ्यांची उतरंड

आता त्या घरांकडे वळू जिथे ताटात काय नसावे याचीच यादी मोठी आहे. साठीत मधुमेह निघाला तेव्हा भात, गोड, फळे बंद झाली. नंतर रक्तदाब आला, मीठ गेले. कोलेस्टेरॉलने अंडी आणि तूप नेले. सांधे दुखू लागले तेव्हा कोणी डाळ बंद करायला सांगितली, गॅस होतो म्हणून कोणी दूध. प्रत्येक पथ्य ज्या दिवशी लागले त्या दिवशी त्याला काही कारण असेलही. पण लागलेले पथ्य आपल्याकडे सुटत नाही. पंच्याहत्तरीला पोहोचता पोहोचता ताटात उरते ते एक फुलके आणि बिनमिठाची दुधी. त्या दुधीकडे पाहून भूक कशी लागणार?

नव्वद किलोच्या पन्नास वर्षांच्या माणसाला सांगितलेले पथ्य पंचेचाळीस किलोच्या ऐंशी वर्षांच्या त्याच माणसाला लागू पडेलच असे नाही. मधुमेहाचेच पाहा. दुर्बल वृद्धांमध्ये साखर फार कडक ठेवू नये असे आजचे मधुमेहतज्ज्ञ मानतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी तरुण रुग्णात सातच्या खाली ठेवण्याचा आग्रह असतो, तर अनेक व्याधी असलेल्या वृद्धाला आठपर्यंत सवलत दिली जाते. कारण अशा माणसाला वाढलेल्या साखरेपेक्षा अचानक घसरलेल्या साखरेचे भय अधिक. गोळी पूर्ण घेतली, जेवण मात्र अर्धेच झाले, की पहाटे घाम फुटतो, भोवळ येते, माणूस पडतो. म्हणून जेवण घटले असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे. गोळीचा डोस आपल्या मनाने बदलू नये. पुढच्या खेपेला कागदावर दोन याद्या लिहून न्या, सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची आणि सध्या बंद असलेल्या सगळ्या पदार्थांची. पहिली यादी डॉक्टर नेहमी पाहतात. दुसरी त्यांना कोणी दाखवतच नाही.

गोळ्यांच्या यादीतही भूक मारणारे, तोंड कोरडे करणारे, जिभेची चव बिघडवणारे काही ना काही सापडते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची सर्वपरिचित गोळी वर्षानुवर्षे घेतली तर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते. पित्ताच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांचेही तसेच. आपल्या घरांत मांस-मासळी होते म्हणून बी-१२ची शंका कोणी घेत नाही. पण खाल्लेले बी-१२ शोषले जाण्यासाठी पोट धड असावे लागते आणि वयाबरोबर ती शक्ती घटते. पायांना मुंग्या, विसराळूपणा, फिकटपणा दिसला तर रक्त तपासून घ्यावे.

तोंडाकडेही पाहावे. हे आम्ही अक्षरशः म्हणतो : उजेडात तोंड उघडायला सांगून पाहावे. वजन घटले की हिरड्याही आकसतात आणि पाच वर्षांपूर्वीची कवळी सैल होऊन टोचू लागते. म्हातारी माणसे हे सांगत नाहीत. "आता भूकच नाही," एवढेच म्हणतात. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवताना आवाज ओलसर होत असेल, तर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. अशा माणसाला ताठ बसवून, छोटे घास देऊन, सावकाश भरवावे, जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

घटणाऱ्या वजनामागे आजारही असतो, हे विसरून चालणार नाही. दोन आठवडे खोकला असेल तर क्षयाची थुंकी-तपासणी. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. थायरॉइड, पोटाचे विकार, कर्करोग यांचीही शंका डॉक्टरांनी घ्यायला हवी. आणखी एक आजार असा, ज्याचे नाव आपल्याकडे घेतले जात नाही : उदासी. जोडीदार गेल्यानंतरच्या वर्षात जेवण तुटते. बायको गेलेल्या पुरुषाला तर डबा कुठे आणि मीठ कुठे हेही ठाऊक नसते. आयुष्यभर त्याने हाक मारली आणि ताट समोर आले.

ज्या माणसाला एका वेळी फार जात नाही, त्याला तीनदा मोठे ताट वाढण्यात अर्थ नाही. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. ताट लहान असावे. भरलेले मोठे ताट पाहूनच त्यांची भूक जाते. चहा जेवणाच्या आधी नको. तो पोट भरतो आणि जेवणासोबत घेतला तर अन्नातले लोहही अडवतो. रात्री उठावे लागू नये म्हणून कित्येक वृद्ध पाणीच पीत नाहीत, मग बद्धकोष्ठ होते, मग त्याने भूक मरते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पुढे करत राहावे, मगरिबनंतर कमी केले तरी चालेल. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याचे माप डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते, तेच पाळावे. आणि त्यांना एकट्याने जेवू देऊ नये. आपल्या घरांत दादीला 'लवकर भूक लागते' म्हणून साडेसातला आतल्या खोलीत ताट नेऊन दिले जाते आणि नंतर बाहेर सगळे एका दस्तरखानावर बसतात. सोय म्हणून सुरू झालेली ही रीत असते. दादीला खुर्ची हवी असेल तर खुर्ची दस्तरखानाजवळ आणा. समोर चार माणसे खाताना दिसली की चार घास अधिक जातात.

खाल्लेले अंगी लागायला थोडी हालचालही हवी. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसते अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस झडले. हे निरोगी लोक होते. ताप येऊन इस्पितळात आठवडाभर पडलेल्या नानांचे काय होत असेल याचा अंदाज करावा. "आराम करा, उठू नका" हा आपला लाडका उपदेश इथे घात करतो. डॉक्टरांची ना नसेल तर भक्कम खुर्चीतून उठणे आणि बसणे, पाच वेळा सकाळी, पाच वेळा संध्याकाळी, कोणीतरी शेजारी उभे असताना, एवढ्यानेही सुरुवात होते.

रमजानमधली बंद चूल

रमजानचा प्रश्न वेगळा मांडावा लागतो. जे अतिशय वृद्ध आहेत, ज्यांना रोजा झेपत नाही आणि पुढेही झेपण्याची आशा नाही, त्यांना शरीअतने सवलत दिली आहे. प्रत्येक रोज्याच्या बदल्यात एका गरजूला जेवू घालण्याचा फिदया त्यांच्यासाठी आहे. सूरह बकरहमध्ये त्याचा आधार आहे. हे सर्वांना ठाऊक असते. तरी साठ वर्षे एकही रोजा न सोडलेल्या दादीला "यंदा नको" म्हणणे सोपे नसते. तिला तो आपल्या आयुष्यातून एक मोठी गोष्ट काढून घेतल्यासारखा वाटतो. म्हणून ही चर्चा चंद्र दिसल्यावर नव्हे, शाबान महिन्यातच व्हावी, डॉक्टरांशी आणि ज्यांच्यावर तिचा विश्वास आहे त्या आलिमांशी. सुनेने सांगितलेले ती ऐकणार नाही, मौलानांनी सांगितलेले कदाचित ऐकेल. फिदयाचा शिधा तिच्याच हातून दिला जावा. सहरीला तिला उठवावे, इफ्तारला तिची जागा मध्ये असावी.

पण याहून कमी बोलली जाणारी गोष्ट निराळी आहे. जी रोजा ठेवत नाही तीही रमजानमध्ये उपाशी राहते. दिवसभर चूल बंद असते. सगळ्यांचा रोजा असताना आपल्यासाठी कोणी स्वयंपाकघरात जावे हे तिला लाजिरवाणे वाटते. ती दोन खजूर आणि पाणी घेऊन, दाराकडे पाठ करून, चोरून खाते आणि इफ्तारपर्यंत तशीच राहते. मधुमेहाची गोळी मात्र सकाळीच घेतलेली असते. यावर उपाय साधा आहे. सहरीच्या वेळीच तिचा दिवसाचा डबा तयार करावा : घट्ट खिचडी किंवा खिचडा थर्मासमध्ये, दोन उकडलेली अंडी, दही, एक केळे. आणि डबा तिच्या हाताशी ठेवून घरातल्या एखाद्याने दुपारी तिच्याजवळ बसावे. रोजेदाराने बसावे, म्हणजे तिची लाज जाते.

ज्यांची मुले कुवेतला आहेत

रत्नागिरी, रायगडच्या गावांत अशी कितीतरी मोठी घरे आहेत, ज्यांत दोनच माणसे राहतात, आणि काहींत एकच. मुले आखातात, मुली सासरी मुंबईला. पैसे येतात, डबे येतात, व्हिडिओवर रोज बोलणे होते. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो, आणि आईचा चेहरा मुलाला पाहताच उजळतो, त्यामुळे खाली झिजलेले अंग दिसत नाही. "जेवलीस का?" या प्रश्नाला जगातली कुठलीही आई "हो" असेच म्हणते. त्यापेक्षा "दुपारी काय केलेस? रात्री काय खाणार?" असे विचारावे. तीन दिवस सलग "चहा-बटर" किंवा "कालचेच होते" असे उत्तर आले की समजून घ्यावे.

अशा घरात एक वजनकाटा घेऊन द्यावा आणि दर महिन्याच्या पहिल्या जुम्म्याला वजन करून कॅलेंडरवर लिहायला सांगावे. सहा महिन्यांत पाच टक्के, म्हणजे पन्नास किलोच्या माणसाचे अडीच किलो, घटले तर डॉक्टरांकडे जाण्याची वेळ झाली. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो, वजन घटलेले दिसत नाही. काटा नसेल तर शिंप्याची टेप चालते : पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ती कुपोषणाची शंका घ्यायला लावणारी खूण मानतात.

शेजारची एखादी गरजू बाई दुपारचा डबा करून देऊ शकत असेल तर तिला महिन्याचे ठरवून पैसे द्यावेत आणि डब्यात काय हवे ते लिहून द्यावे, नाहीतर तीही प्रेमाने पातळ डाळ आणि मऊ भातच पाठवील. ज्या घरांत आखातातून काहीच येत नाही, तिथे पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी राज्य सरकारची श्रावणबाळ योजना आहे. अर्ज तहसील कार्यालयात होतो. त्या रकमेत महिनाभर रोज दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध निघते की नाही, ते आपापल्या गावच्या भावाने मोजून पाहावे; रोज एक अंडे आणि एक पेला दूध तरी निघायला हरकत नाही. मोहल्ल्यातल्या एखाद्या शिकलेल्या मुलाने एका सकाळी आजूबाजूच्या पाच-सहा म्हाताऱ्यांची कागदपत्रे गोळा केली, तर पाच-सहा खेपांऐवजी एका खेपेत काम होते. जाताना शिंप्याची टेपही खिशात असू द्यावी.